फीड रीडरचं नवं रूप मराठी वाचनाला बसवून घेताना

फीड रीडर म्हणजे तुम्ही निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे मथळे एका यादीत आणून दाखवणारं ॲप, आणि एकेका संकेतस्थळाकडून येणारी ती मथळ्यांची धार म्हणजे फीड. अशा ॲपचं मोठं अपडेट येतं तेव्हा यादीची ठेवण बदलते, बटणं वरून खाली येतात, रंग वॉलपेपरप्रमाणे पालटतात आणि बोट सरकवल्यावर काय घडेल याचे नियमही बदलतात. हे सगळं बहुतेक वेळा इंग्रजी मथळे समोर ठेवून आखलेलं असतं. मराठी मथळा त्या चौकटीत आपोआप बसेलच असं नाही. अपडेटनंतर निवांत बसून सेटिंग्ज एकदा नीट लावली, तर तेच ॲप मराठी बातम्यांसाठी खरोखर चांगलं होतं. नाही लावली, तर चार दिवसांत ॲप उघडणंच कमी होतं आणि माणूस पुन्हा सोशल मीडियावर जे पुढ्यात येईल ते वाचत बसतो. मला ते टाळायचं आहे. फीडमध्ये काय यायचं हे आपण ठरवतो, आणि आज अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत.

उदाहरणासाठी मी अँड्रॉइडवरचं 'फीडर' घेतलं आहे. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, ते खातं उघडायला सांगत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि प्ले स्टोअरवर तसंच एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या दुकानातही मिळतं. आयफोनवाल्यांसाठी पुढे 'नेटन्यूजवायर'चा भाग आहे. तुमचं ॲप वेगळं असलं किंवा आवृत्तीप्रमाणे सेटिंगचं नाव थोडं बदललेलं दिसलं, तरी पायऱ्या याच आहेत.

अपडेटला हात लावण्याआधी

आधी फीडची यादी बाहेर काढून ठेवा. फीडरच्या वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ओपीएमएल फाइल एक्स्पोर्ट करायची सोय आहे. ओपीएमएल म्हणजे तुमच्या सगळ्या फीडची नावं, पत्ते आणि गट असलेली साधी मजकुराची फाइल. जवळपास प्रत्येक फीड रीडर ती वाचू शकतो. ती फक्त फोनमध्येच ठेवू नका, स्वतःला ईमेल करून टाका.

हे आधी करायचं कारण म्हणजे अँड्रॉइडवर नव्या आवृत्तीवर जुनी आवृत्ती चढवता येत नाही. नवं रूप अजिबात पटलं नाही आणि मागे जायचं ठरवलं, तर ॲप काढून टाकून जुनी प्रत नव्याने घालावी लागते. ॲप काढलं की आतली यादीही गेली. त्यातही प्ले स्टोअरची प्रत आणि एफ-ड्रॉइडची प्रत यांच्यावरच्या डिजिटल सह्या वेगळ्या असू शकतात, त्यामुळे एकीवर दुसरी बसेलच असं नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हा गूगलचा फीड रीडर बंद झाला तेव्हा ज्यांनी आपली यादी वेळेत काढून घेतली होती, ते दुसऱ्या रीडरवर सहज गेले. बाकीच्यांना एकेक संकेतस्थळ आठवून पुन्हा सुरुवात करावी लागली.

ओपीएमएलमध्ये कोणता लेख वाचला, कोणता राहिला याची नोंद नसते. जपून ठेवलेले लेखही त्यात येत नाहीत. जे लेख खरंच हवे आहेत त्यांचे दुवे वेगळे उतरवून ठेवा.

यादी: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

फीडरमध्ये यादीची ठेवण निवडता येते: मोठी कार्डं, आटोपशीर ओळी आणि अगदी दाट ओळी. इंग्रजी वाचणाऱ्यांना दाट यादी सोयीची वाटते, कारण एका पडद्यावर जास्त मथळे मावतात. मराठीत हा हिशेब फसतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही नंतर. समजा मथळा असा आहे: 'द्रुतगती मार्गावर शनिवारी दुपारी दोन तास वाहतूक बंद राहणार नाही'. दाट यादीत तो 'वाहतूक बंद' इथे तुटला आणि पुढे तीन टिंबं आली, तर वाचणाऱ्याला बातमीच्या नेमकी उलट गोष्ट कळली. इंग्रजी मथळ्यात क्रियापद सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं, म्हणून शेपूट तुटलं तरी बहुधा चालतं. आपल्याकडे बातमी त्या शेपटात असते.

म्हणून पहिली गोष्ट: मथळा पूर्ण दिसला पाहिजे. सेटिंग्जमध्ये ओळींची कमाल मर्यादा ठरवायची सोय शोधा आणि ती किमान तीन ओळींवर ठेवा. त्याने पडद्यावर मथळे कमी मावत असतील तर मावू देत. जागा हवी असेल तर ती मथळ्याच्या खालच्या उताऱ्यातून काढा. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या फीडमध्ये तो उतारा म्हणजे मथळ्याचीच थोडी फिरवलेली आवृत्ती असते. फक्त मथळा दाखवायचा पर्याय असेल तर तो सुरू करून चार-पाच दिवस बघा. मला स्वतःला तीच ठेवण सर्वांत आवडते: पूर्ण मथळा, खाली स्रोताचं नाव आणि वेळ, बाकी काही नाही.

फोटोंचं काय करायचं हे फीडप्रमाणे ठरवा. शेती, प्रवास, विज्ञान, पाककृती अशा फीडमध्ये थंबनेल, म्हणजे मथळ्याशेजारचा छोटा फोटो, उपयोगी पडतं. राजकीय बातम्यांच्या फीडमध्ये त्याच त्या नेत्यांचे चेहरे ओळीने दिसतात आणि नजर मथळ्यावर ठरत नाही. सगळ्यांसाठी एकच नियम लावायचा असेल तर फोटो बंद करा. तेवढं नको असेल तर निदान वाय-फायवर असतानाच फोटो उतरवण्याचा पर्याय चालू ठेवा.

आता गट. फीडरमध्ये प्रत्येक फीडला एक टॅग देता येतो आणि बाजूच्या यादीत त्या टॅगखाली फीड एकत्र दिसतात. इथे बहुतेक जण 'बातम्या', 'क्रीडा', 'मनोरंजन' असे वर्तमानपत्राच्या पानांसारखे गट करतात. मी वेगळा मार्ग सुचवतो: गट विषयाप्रमाणे न करता कधी वाचणार त्याप्रमाणे करा. 'रोज' या गटात दोन-तीनच फीड ठेवा, एक स्थानिक, एक राज्याचं, एक जगाचं. 'निवांत' या गटात लेख आणि ब्लॉग. 'कामाचं' या गटात पेशाशी संबंधित फीड. सकाळी 'रोज' गट उघडला की तो खरोखर संपतो. न वाचलेल्यांचा आकडा शेकड्यांत गेला की हळूहळू ॲप नकोसं होतं, आणि हे गट त्यावरचाच उपाय आहेत.

अक्षरं

देवनागरीला इंग्रजीपेक्षा उभी जागा जास्त लागते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात किंवा कडेला कापले जातात. हे तपासायला 'राष्ट्रीय', 'उद्ध्वस्त', 'ज्येष्ठांची', 'सुऱ्या', 'कृष्णेच्या' असे शब्द असलेला लेख उघडा. प्रत्येक चिन्ह सुटं आणि पूर्ण दिसलं पाहिजे. 'द्ध्व' हलन्त तोडून सुटा दिसत असेल तर अडचण ॲपच्या ठेवणीत नसून फॉन्टमध्ये आहे. ॲपमध्ये फॉन्ट निवडायची सोय असली तर आधी फोनचा मूळ फॉन्ट निवडून बघा. अँड्रॉइडवर देवनागरी सहसा नोटो फॉन्टमध्ये उमटते आणि तो जोडाक्षरं नीट सांभाळतो.

मजकुराचा आकार दोन ठिकाणी बदलता येतो: फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आणि ॲपच्या आत. अँड्रॉइड १४ पासून फोनचा मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो, आणि आधीच मोठी असलेली अक्षरं त्यात लहान अक्षरांइतकी वाढत नाहीत. दोन्हीकडचं माप एकदम वाढवलं की परिणाम एकमेकांवर चढतो आणि बटणावरची अक्षरं फुटू लागतात. आधी फोनचं माप तुमच्या डोळ्यांना सोसेल असं करा, मग ॲपचा सरकता दांडा एकेक पायरीने पुढे न्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी फोन लावून देत असाल तर त्यांच्याच हातात देऊन, त्यांचा नेहमीचा चष्मा लावायला सांगून माप ठरवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि पुष्कळ ॲपमध्ये आपल्याला हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली तरी मजकूर मराठी आहे हे फोनला कळल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी घाला, मग ती पहिली असो की दुसरी. फॉन्टमध्ये सोय असेल तर बऱ्याच फोनवर तेवढ्याने फरक पडतो. अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपला वेगळी भाषा देता येते. तुमच्या ॲपमध्ये मराठी भाषांतर असेल तर तेही करून बघा.

बोटाच्या खुणा

नव्या अपडेटमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण हाताला जुनी सवय असते. फीडरमध्ये मथळ्यावर बोट आडवं सरकवलं की तो वाचलेला म्हणून नोंदवता येतो. कोणत्या बाजूला सरकवायचं ते ठरवता येतं, आणि ही सोय पूर्ण बंदही करता येते. फोनमध्ये कडेवरून बोट ओढून मागे जायची पद्धत चालू असेल तर कडेपासून सुरू होणारी खूण आणि ही खूण एकमेकींच्या वाटेत येतात. मग मागे जाताना नकळत मथळा वाचलेला ठरतो. उपाय साधा आहे: मथळ्याच्या मधोमध बोट टेकवून सरकवायची सवय लावा, आणि ते जमत नसेल तर खूण बंद करा.

यादी खाली सरकवताना वर गेलेले मथळे आपोआप वाचलेले धरायचे, असाही पर्याय आहे. तो मोहक आहे, पण दोन अटींवरच सुरू करा. एक, मथळे पूर्ण दिसत असले पाहिजेत. दुसरी, गटात फीड थोडे असले पाहिजेत. दाट यादीत बोटाच्या एका झटक्यात तीस-चाळीस मथळे निघून जातात आणि त्यातले बहुतेक नजरेखालून गेलेलेही नसतात. 'रोज' या छोट्या गटासाठी हा पर्याय छान, 'निवांत' गटासाठी त्रासदायक. ॲप दोन्हीकडे एकच नियम लावत असेल तर तो बंद ठेवून गट वाचून झाल्यावर 'सगळे वाचले' हे बटण दाबलेलं बरं.

ते बटण कुठे आहे तेही एकदा बघून घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात तरंगतं बटण असेल तर एका हाताने वाचताना अंगठा चुकून त्यावर पडतो. ते लपवायची सोय असेल तर लपवा आणि मेनूतून वापरा. अँड्रॉइडच्या आराखड्याचे नियम सांगतात की बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर असावी. ॲपलचा आकडा ४४ पॉइंटांचा आहे. दाट ठेवणीत तारांकित करायचं चिन्ह त्याहून लहान वाटत असेल तर दोष तुमच्या बोटाचा नाही, ठेवण बदला.

लेखाचं पान

मराठी बातम्यांच्या बऱ्याच फीडमध्ये मथळा आणि दोन ओळीच येतात. पूर्ण लेख ॲपमध्येच वाचायचा असेल तर त्या फीडच्या सेटिंगमध्ये पूर्ण मजकूर आणण्याचा पर्याय चालू करा. ॲप मूळ पान उतरवतं आणि त्यातून फक्त लेख वेगळा काढतं. जाहिरातींनी लदलेल्या पानांसाठी हे वरदान आहे. पण प्रत्येक संकेतस्थळावर ते नीट चालत नाही: कुठे मधला परिच्छेद गळतो, कुठे 'हेही वाचा'चे दुवे लेखात मिसळतात. म्हणून सगळ्यांना एकदम चालू न करता एकेका फीडवर तीन-चार लेख उघडून मूळ पानाशी ताडून बघा. जिथे बिघडतं तिथे लेख थेट ब्राउझरमध्ये उघडू द्या. फीडप्रमाणे हे वेगळं ठेवता येतं. आणि ज्या छोट्या प्रकाशनाचं उत्पन्न वाचकांच्या भेटींवर चालतं, त्याचं मूळ पान अधूनमधून उघडत जा.

वाचायला लागणारा वेळ दाखवण्याची सोय अपडेटमध्ये आली असेल तर तिच्यावर विसंबू नका. हे गणित शब्द मोजून होतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे 'महानगरपालिकेच्या' हा एकच शब्द मोजला जातो, तर इंग्रजीत त्याला तीन-चार लागतात. मराठी लेखाला दाखवलेला वेळ बहुधा खऱ्यापेक्षा कमी निघतो.

लेख मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय मात्र जरूर लावा. बसमध्ये, स्वयंपाक करताना किंवा डोळे थकलेले असताना तिचा फार उपयोग होतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये मजकूर वाचून दाखवण्याच्या विभागात जाऊन गूगलच्या स्पीच सेवेत मराठी आवाज उतरवून घ्या. मग फीडरमध्ये भाषा ओळखून त्या भाषेत वाचण्याचा पर्याय चालू करा. तो बंद राहिला तर मराठी लेखाला इंग्रजी आवाज भिडतो आणि काहीच कळत नाही.

रंग

इथे फार वेळ घालवू नका. वॉलपेपरप्रमाणे बदलणारे रंग अँड्रॉइड १२ मध्ये, २०२१ साली आले. दिसायला छान असले तरी काही वॉलपेपरवर वाचलेला आणि न वाचलेला मथळा यांच्यातला फरक पुसट होतो. तसं झालं तर ते रंग बंद करा. ॲपमध्ये गडद रंगांचे गर्द काळा आणि करडा असे दोन प्रकार असतील तर करडा घ्या. ओलेड पडद्यावर (ज्यात काळा भाग उजळतच नाही) गर्द काळ्याने वीज थोडी वाचते, पण सरकवताना अक्षरांमागे सावली ओढल्यासारखी दिसते आणि बारीक मात्रा वाचायला त्रास होतो.

नको त्या बातम्या गाळताना

फीडरमध्ये ठरावीक शब्द मथळ्यात आले तर तो लेख लपवता येतो. राशिभविष्य, बिग बॉस, सोन्याचे रोजचे दर, ज्याला जे नको ते. इथे मराठीचं व्याकरण आडवं येतं आणि ते समजून घेतलं नाही तर गाळणी गळकी राहते.

'निवडणूक' हा शब्द यादीत घातला, तरी 'निवडणुकीत', 'निवडणुकांचा' हे मथळे येतच राहतात. सामान्यरूपात दीर्घ 'णू' ऱ्हस्व होतो आणि शब्द जुळत नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा भागच द्या: 'निवडण'. मात्र फार लहान भाग दिला तर नको तेही गळतं. 'निवड' लिहिलंत तर संघनिवडीच्या बातम्याही गेल्या. 'सोने' नको असेल तर 'सोन्या' आणि 'सोनं' हीही रूपं घाला. 'राशिभविष्य' आणि 'राशीभविष्य' अशी दोन्ही लेखनं वापरात आहेत, तेव्हा दोन्ही लिहा किंवा नुसतं 'भविष्य' लिहा. पण मग 'भविष्यातील शेती'सारखा चांगला लेखही हरवेल, हे लक्षात ठेवा.

एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲप' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून, किंवा 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण जुळवणी करताना ती वेगळी ठरतात. अशा वेळी शब्द स्वतः टाइप न करता त्या फीडच्या मथळ्यातूनच उचलून चिकटवा.

गाळणी लावल्यावर आठवडाभराने ती थोडा वेळ बंद करून काय काय लपलं होतं ते बघा. दोन-तीन शब्द हमखास बदलावे लागतात.

ताज्या बातम्या आणि सूचना

अपडेटनंतर फीड आपोआप ताजे होईनासे झाले तर आधी फोनचं बॅटरी वाचवण्याचं सेटिंग बघा. कित्येक कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप कडकपणे बंद करतात. तुमच्या रीडरला त्यातून सूट द्या. दर तासाला ताजं करणं पुरेसं आहे. सूचना फक्त एखाद्या फीडला लावा: गावातल्या पाणीपुरवठ्याची माहिती देणारं संकेतस्थळ, विद्यापीठाची परिपत्रकं, असं काही. सगळ्या फीडना सूचना लावल्या की आठवड्यात तुम्ही सगळ्याच बंद करता.

नवं फीड जोडताना पत्ता सापडत नसेल तर संकेतस्थळाचा साधा पत्ताच ॲपमध्ये टाका, पानात दडलेलं फीड ते शोधतं. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगला पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि 'फीड' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडला की बहुधा काम होतं. मराठीतले कितीतरी उत्तम ब्लॉग वर्डप्रेसवर आहेत.

आयफोनवर

नेटन्यूजवायर ब्रेंट सिमन्स यांनी २००२ साली मॅकसाठी काढलं. मधल्या काळात ते दोन कंपन्यांकडे फिरलं आणि २०१८ मध्ये पुन्हा त्यांच्याकडे आलं. आयफोनसाठीची नवी आवृत्ती मार्च २०२० ची. तेही मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये टाइमलाइनची, म्हणजे मथळ्यांच्या यादीची, ठेवण म्हणून पान आहे. तिथे दोन सरकते दांडे मिळतात, एक मथळ्याशेजारच्या चिन्हाच्या आकाराचा, दुसरा ओळींच्या संख्येचा. खाली नमुना लगेच बदलतो, पण तो नमुना इंग्रजीत असतो. म्हणून दांडा हलवून परत यादीत या आणि मराठी मथळे बघा. ओळींची संख्या वाढवा, चिन्ह लहान करा. 'सगळे वाचले' आधी विचारून करण्याचा पर्याय चालू ठेवा. लेखाच्या पानावर पूर्ण मजकूर आणणारं बटण आहे, आणि अक्षरांचा आकार फोनच्या मजकुराच्या मापाप्रमाणे बदलतो.

काही बिघडलेलं आढळलं तर

कापलेली वेलांटी, चिकटलेल्या ओळी, तुटलेलं जोडाक्षर हे दिसलं तर गप्प राहू नका. फीडर आणि नेटन्यूजवायर दोन्हींचं काम गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर उघड चालतं आणि तिथे कोणीही तक्रार नोंदवू शकतं. पण 'मराठी नीट दिसत नाही' एवढं लिहिलं तर देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला काय दुरुस्त करायचं ते समजत नाही. पडद्याचं चित्र जोडा, बिघडलेल्या जागेवर गोल काढा, आणि तोच शब्द दुसऱ्या ॲपमध्ये बरोबर कसा दिसतो त्याचं चित्र शेजारी ठेवा. शब्द मजकूर म्हणूनही लिहा, म्हणजे त्यांना तो उचलून तपासता येईल. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि मजकुराचं माप किती टक्के आहे, हे चार तपशील द्या. मथळा तुटून अर्थ उलटा होत असेल तर पूर्ण मथळा, तुटलेला मथळा आणि दोन्हींचा इंग्रजी अर्थ असं लिहून पाठवा.